मोटर लावलेल्या टेक्निक गाडीसाठी गिअरचे गुणोत्तर आधीच कसे काढावे?

ठोकळेगाडी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. लेगो टेक्निकच्या भागांतून मी चारही चाकांना गती मिळेल अशी एक जीप बांधत आहे. बॅटरी-पेटीसह तिचे वजन बरोबर २ किलो भरते, टायरवर ८१.६ हा व्यास मिलिमीटरमध्ये छापलेला आहे आणि मोटर पॉवर फंक्शन्स मालिकेतील एल आकाराची एकच आहे. मोटरच्या दांड्यावरचे १२ दातांचे चाक २० दातांच्या चाकाला फिरवते. त्या २० दातांच्या चाकाचा दांडा गाडीच्या मधून लांबीने गेला असून त्याच्या दोन्ही टोकांना १२ दातांची बेव्हल चाके (गती काटकोनात वळवणारी दातेरी चाके) आहेत, आणि ती पुढच्या व मागच्या आसावरील २८ दातांच्या डिफरन्शियलना (एकाच आसावरील दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) फिरवतात.

माझा हिशेब असा होता की २० भागिले १२ म्हणजे १.६७ आणि २८ भागिले १२ म्हणजे २.३३, तेव्हा एकूण गुणोत्तर ४. सपाट जमिनीवर २ मीटर जायला ४.८ सेकंद लागायला हवे होते, पण साडेसहा लागले. हा फरक मी घर्षणाच्या नावावर टाकला. मात्र ३० अंशांत टेकवलेल्या फळीवर गाडी चढतच नाही, मोटर घुमते आणि जागच्या जागी थांबते.

म्हणून मी मध्ये ८ आणि २४ दातांची आणखी एक जोडी घातली. माझ्या हिशेबाने गुणोत्तर ७ झाले, म्हणजे सपाटीवर २ मीटरला सुमारे ८.४ सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात १८ लागतात. गाडी आता फळी चढते, पण वर पोहोचताना एखादे चाक अडले की आतून टकटक आवाज येतो आणि बेव्हलचे दात एकमेकांवरून उडी मारतात. प्रत्येक वेळी गाडी उघडून गिअर बदलण्यापेक्षा आवश्यक गुणोत्तर कागदावरच काढता येईल का, आणि माझे नेमके काय चुकते आहे, हे कृपया कोणी सांगावे.

मोजपट्टी यांचे उत्तर

नमस्कार. आपण मोजमापे इतकी व्यवस्थित दिली आहेत की चूक शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. एकामागून एक येणाऱ्या जोड्यांच्या गुणोत्तरांची बेरीज करायची नसते, गुणाकार करायचा असतो. पहिल्या जोडीतून बाहेर पडलेला वेग आधीच १.६७ पटींनी घटलेला असतो आणि दुसरी जोडी त्या घटलेल्या वेगालाच पुन्हा २.३३ ने भागते. त्यामुळे आपले मूळ गुणोत्तर ३५ भागिले ९, म्हणजे ३.८९ होते. बेरीज ४ आणि गुणाकार ३.८९ हे योगायोगाने इतके जवळ आले की चूक लपून राहिली. तिसरी जोडी घातल्यावर मात्र ती उघडी पडली, कारण बेरीज ७ होते आणि गुणाकार ११.६७. ज्या गाडीने ७ च्या हिशेबाने धावावे अशी आपली अपेक्षा होती, ती ११.६७ च्या हिशेबाने धावत आहे.

याची खात्री गाडीवरच करून घेता येते. मोटर सोडवून तिच्या जागी दांडा हाताने फिरवा. पहिल्या रचनेत दांड्याचे बरोबर ३५ फेरे झाले की चाकांचे ९ फेरे व्हायला हवेत. ८ व २४ ची जोडी घातलेल्या रचनेत त्याच ३५ फेऱ्यांना चाकांचे ३ फेरे होतील. चाकावर खडूची खूण करून मोजावे. ही चाचणी करताना गाडी जमिनीवर ठेवून सरळ चालू द्यावी. हवेत धरून एक चाक हाताने दाबले तर डिफरन्शियलमुळे समोरचे चाक दुप्पट फिरते, कारण डिफरन्शियलच्या डब्याचा वेग हा दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी असतो. मग गुणोत्तर निम्मेच असल्याचा भास होतो. मी स्वतः एकदा या भासामुळे चांगली चाललेली गाडी पूर्ण उघडली होती.

आता उलट बाजूने, म्हणजे गरजेपासून मोटरकडे, हिशेब करू. २ किलोच्या गाडीचे वजन १९.६ न्यूटन. ३० अंशांच्या चढावर त्याचा निम्मा भाग, ९.८ न्यूटन, गाडीला मागे ओढतो, कारण ३० अंशांचे साइन ०.५ असते. टायरच्या लोळण्याचा विरोध मी वजनाच्या ५ टक्के धरतो. फळीवर तो साधारण ०.९ न्यूटन होईल. एकूण १०.७ न्यूटन. चाकाची त्रिज्या ४.०८ सेंटिमीटर, म्हणून सर्व चाकांवर मिळून लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ४३.५ न्यूटन-सेंटिमीटर.

एल मोटर ९ व्होल्टवर भाराशिवाय मिनिटाला सुमारे ३९० फेरे घेते आणि पूर्ण अडवली तर सुमारे १८ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क देते. गिअर, डिफरन्शियल आणि दांड्यांची छिद्रे यांत जाणारे वगळून ७० टक्के टॉर्क चाकापर्यंत पोहोचतो असे मी धरतो. हा माझा कामचलाऊ अंदाज आहे, पण मी बांधलेल्या गाड्यांत तो फारसा चुकलेला नाही. १८ गुणिले ३.८९ गुणिले ०.७ म्हणजे ४९. हे ४३.५ पेक्षा थोडे जास्त आहे, म्हणजे आपली गाडी चढावर अगदी रखडत का होईना, पण सरकायला हवी होती. ती जागीच थांबते असे आपण म्हणता, तेव्हा आपण कोणत्या प्रकारचे सेल वापरता, हे कळले तर बरे होईल.

ठोकळेगाडी

मनःपूर्वक आभार. ३५ फेऱ्यांची चाचणी केली. चाकांचे बरोबर ३ फेरे झाले, त्यामुळे गुणाकाराची गोष्ट आता मनात पक्की बसली. पेटीत पुन्हा चार्ज होणारे सहा सेल आहेत. त्याने इतका फरक पडत असेल असे वाटले नव्हते, म्हणून प्रश्नात लिहिले नाही.

मंदगती यांचे उत्तर

फरक तिथेच आहे. साधे सेल १.५ व्होल्टचे असतात आणि सहा मिळून ९ व्होल्ट देतात. पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे सहा मिळून ७.२. मोटरचा भाराशिवायचा वेग आणि अडवल्यावरचा टॉर्क हे दोन्ही ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होतात. म्हणून आपल्या गाडीपुरते ३९० ऐवजी ३१० फेरे आणि १८ ऐवजी १४.४ न्यूटन-सेंटिमीटर धरावेत. आता १४.४ गुणिले ३.८९ गुणिले ०.७ म्हणजे ३९ येतात आणि गरज ४३.५ ची आहे. गाडी थांबली ती याच कारणाने.

वेगाचा हिशेबही याच आकड्यांनी जुळतो. टायरचा परीघ ८१.६ गुणिले ३.१४, म्हणजे २५.६ सेंटिमीटर. ३१० भागिले ३.८९ केले की मिनिटाला ८० फेरे, म्हणजे सेकंदाला ३४ सेंटिमीटर, आणि २ मीटरला ५.९ सेकंद. आपण साडेसहा मोजले. ११.६७ च्या रचनेत सेकंदाला ११.४ सेंटिमीटर आणि २ मीटरला १७.६ सेकंद येतात. आपण १८ मोजले. दोन्ही वेळी जो थोडा फरक राहिला, तोच खरा घर्षणाचा आणि भाराचा वाटा आहे. ११.६७ च्या रचनेत मोटरवर भार हलका पडतो, म्हणून तिथे हा फरकही लहान आहे.

आता गुणोत्तर किती असावे याविषयी. अडवल्यावरचा टॉर्क ही मोटरची शेवटची मर्यादा असते. तिथे वेग शून्य असतो आणि सगळी वीज उष्णतेत जाते. निम्म्या टॉर्कवर मोटर सर्वाधिक शक्ती देते, तरीही तिथे ती बरीच तापते. म्हणून मी अवघड चढासाठी एक तृतीयांश टॉर्क धरून आखणी करतो आणि निम्म्याच्या पुढे कधी जात नाही. आपल्या बाबतीत एक तृतीयांश म्हणजे ४.८. मग गुणोत्तर ४३.५ भागिले (४.८ गुणिले ०.७), म्हणजे सुमारे १३. निम्मा टॉर्क धरला तर ८.६. आपले ११.६७ या दोहोंच्या मध्ये बसते. म्हणजे हिशेब चुकला होता, पण निवड योग्य ठिकाणी पडली.

तेव्हा या गाडीचा संथपणा गिअर बदलून जाणार नाही. गिअर फक्त वेग देऊन टॉर्क घेतो किंवा टॉर्क देऊन वेग घेतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि ती मोटर जेवढी देईल तेवढीच. अनेक जण अशा वेळी एक्सएल मोटर लावायला सांगतील. ती ९ व्होल्टवर सुमारे ४० न्यूटन-सेंटिमीटर देते, पण तिचे फेरे सुमारे २२० च आहेत. वरचाच हिशेब केला तर तिला सुमारे ५.८ चे गुणोत्तर लागेल आणि वेग सेकंदाला १३ सेंटिमीटरच्या आसपास राहील. एवढ्याशा फरकासाठी मोटर बदलण्यात अर्थ नाही. एकाच दांड्यावर दोन एल मोटरी जोडल्या तर मात्र गुणोत्तर निम्म्यावर, म्हणजे साडेसहाच्या जवळ आणता येते आणि वेग खरोखर वाढतो.

त्यासाठी चौकट मोडायची गरज नाही. टेक्निकच्या गिअरमध्ये जितके दात, तितक्या मिलिमीटरचा परिणामी व्यास असतो, आणि दोन छिद्रांतले अंतर ८ मिलिमीटर असते. म्हणून ८ आणि २४ ची जोडी जशी १६ मिलिमीटर अंतरावर, म्हणजे दोन स्टडमध्ये (स्टड म्हणजे दोन छिद्रांतले हेच अंतर) बसते, तशीच १२ आणि २० ची जोडीही बरोबर दोन स्टडमध्ये बसते. आपली तिसरी जोडी काढून तिच्या जागी १२ आणि २० घाला. १.६७ गुणिले १.६७ गुणिले २.३३ म्हणजे ६.४८. सपाटीवर सेकंदाला २० सेंटिमीटर आणि चढावर साधारण १३ ते १४ मिळतील. दुसऱ्या मोटरचे चाळीस-पन्नास ग्रॅम वजन वाढेल, पण या हिशेबात ते दुर्लक्ष करण्याजोगे आहे. दोन्ही मोटरी एकाच जातीच्या असाव्यात आणि एकाच दिशेने फिरतात ना, हे दांडा जोडण्याआधी तपासावे, अन्यथा त्या एकमेकींशीच झुंजतील.

खडखडाट यांची विचारणा

मध्येच विचारतो, क्षमस्व. इतक्या जोड्या लावण्यापेक्षा एक वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) २४ दातांच्या चाकाला लावला तर एकाच टप्प्यात २४ चे गुणोत्तर मिळते. जागाही वाचेल. शिवाय मधल्या, फक्त गती पुढे नेणाऱ्या चाकाचे दात हिशेबात धरायचे की नाही?

मंदगती

मधले चाक हिशेबात येत नाही. त्याचे दात एकदा भाजक म्हणून आणि एकदा भाज्य म्हणून येतात आणि कटतात. फक्त फिरण्याची दिशा उलटते आणि एका जोडीचे घर्षण वाढते.

वर्मविषयी मी स्पष्टच सांगतो की चाके चालवण्यासाठी तो वापरू नये. वर्मच्या एका फेऱ्यात समोरचे चाक एकाच दाताने सरकते, म्हणून २४ चे गुणोत्तर खरे आहे, पण दात एकमेकांवर लोळण्याऐवजी घासत राहतात आणि टॉर्कचा मोठा भाग तिथेच खर्च होतो. दुसरे म्हणजे वर्म उलट फिरत नाही. वीज बंद झाली की चाके कुलूप लागल्यासारखी थांबतात आणि गाडी हाताने ढकलली तर सगळा ताण दातांवर येतो. क्रेनचा दोर गुंडाळायला किंवा भार वर धरून ठेवायला हाच गुण फार उपयोगी आहे. इथे मात्र ३१० भागिले २४, म्हणजे मिनिटाला १३ फेरे, आणि सेकंदाला साडेपाच सेंटिमीटर एवढ्यावरच गाडी राहील; तीही वर्मने फिरणारे २४ दातांचे चाक थेट गाडीच्या चाकांच्या आसावर बसवले तर.

दातखीळ यांचे उत्तर

गुणोत्तराची चर्चा उत्तम झाली आहे, पण दात उडी मारतात या तक्रारीकडे अजून कोणी वळलेले नाही. त्याचे कारण गुणोत्तर किती आहे यापेक्षा ते कुठे बसवले आहे यात आहे.

आपल्या ११.६७ च्या रचनेत १२-२० आणि ८-२४ या दोन्ही जोड्या मधल्या लांब दांड्याच्या आधी आहेत. मोटर पूर्ण अडली तर घर्षण सोडून त्या दांड्यावर १४.४ गुणिले ५, म्हणजे ७२ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क येतो. बेव्हल चाकाची त्रिज्या ०.६ सेंटिमीटर. ७२ भागिले ०.६ म्हणजे दातांवर १२० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १२ किलो वजन. सपाटीवर हा भार पुढच्या-मागच्या डिफरन्शियलमध्ये वाटला जातो, पण चढावर वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि बहुतेक भार मागच्या एकाच जोडीवर येतो. बेव्हलचे दात तिरके असल्याने हा भार दोन्ही चाकांना एकमेकांपासून दूरही ढकलतो. प्लास्टिकची चौकट किंचित वाकते, दात सुटतात आणि टकटक ऐकू येते. दोन मोटरी आणि ६.४८ च्या रचनेतही दांड्यावर ८० न्यूटन-सेंटिमीटर येतील, म्हणजे वेग सुधारेल पण हा आवाज थोडा वाढेलच.

उपाय असा की वेग कमी करण्याचे काम शक्य तितके चाकाजवळ न्यावे. प्रत्येक चाकाच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) ८ आणि २४ ची जोडी दोन स्टड अंतरावर, लहान चाक वर आणि मोठे खाली, अशी बसवली तर दोन मोटरी थेट मधल्या दांड्याला जोडता येतात. मग गुणोत्तर २८ भागिले १२, गुणिले २४ भागिले ८, म्हणजे बरोबर ७ होते. आपल्याला पहिल्यांदा जो आकडा हवा होता तोच. मधल्या दांड्यावर आता जास्तीत जास्त २८.८ न्यूटन-सेंटिमीटर येतात आणि बेव्हलच्या दातांवर ४८ न्यूटन. पूर्वीच्या १२० च्या तुलनेत हे निम्म्याहूनही कमी आहे. लांब दांडा पीळ खाऊन उशिरा फिरतो, ते प्रमाणही घटते. शिवाय डिफरन्शियल १६ मिलिमीटर वर जातात, त्यामुळे गाडीचे पोट अडथळ्यावर टेकत नाही.

८ दातांचे चाक शेवटी टिकेल का, ही शंका मलाही होती. त्याचे उत्तर टायरमध्ये आहे. रबराची पकड कितीही चांगली धरली, म्हणजे वजनाइतके घर्षण मिळते असे मानले, तरी सपाटीवर चारही चाकांना मिळून १९.६ गुणिले ४.०८, म्हणजे ८० न्यूटन-सेंटिमीटरच्या पुढे टॉर्क देता येत नाही, चाके घसरतात. भार सारखा वाटला गेला तर एका चाकाच्या वाट्याला २० येतात, ८ दातांच्या चाकावर त्याचा तिसरा भाग आणि त्याच्या दातांवर साधारण १७ न्यूटन. चढावर मागच्या चाकावर दुप्पट आले तरी ते सोसण्याजोगे आहे. याच आकड्यावरून हेही दिसते की गुणोत्तर आणखी वाढवून गाडी अधिक चढेल अशी आशा धरू नये. पकड संपली की मोटरच्या ताकदीचा उपयोग नाही.

बेव्हलच्या दोन्ही बाजूंना मात्र बीमचा (छिद्रांच्या पट्टीचा) आधार द्याच, आणि तो आधार डिफरन्शियलच्या आसालाही बांधलेला असू द्या. सुटणाऱ्या दातांवर गिअर बदलण्याआधी करायचा उपाय हाच आहे, आणि बहुतेक जण तो शेवटी करतात.

ठोकळेगाडी

आपणा सर्वांच्या सूचनेप्रमाणे गाडी पुन्हा बांधली. दोन एल मोटरी थेट मधल्या दांड्यावर, १२ आणि २८, आणि चारही हबमध्ये ८ आणि २४. दांड्याचे ३५ फेरे केले तेव्हा चाकांचे बरोबर ५ झाले. सपाटीवर २ मीटरला जवळपास ११ सेकंद लागतात, फळी न थांबता चढते आणि बेव्हलला दोन्ही बाजूंनी बीम दिल्यापासून दात एकदाही सुटले नाहीत. हबमध्ये एक जोडी वाढल्याने गाडी सुरुवातीला उलट दिशेने गेली, ते मोटरची दिशा बदलून दुरुस्त केले.

एकच शंका उरली आहे. खूप वळण घेतले की गाडी अडखळते आणि पुढचे टायर घासल्यासारखा आवाज करतात. सरळ जाताना असे काही होत नाही.

मोजपट्टी

वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून पुढच्या आसाची सरासरी गती मागच्यापेक्षा जास्त असावी लागते. आपल्या रचनेत दोन्ही डिफरन्शियल एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असल्याने ती सारखीच राहते आणि फरक टायरला घासून भरून काढावा लागतो. मधल्या दांड्यात तिसरे डिफरन्शियल घातले तर घासणे थांबेल, पण मग एक चाक हवेत उचलले गेले की सगळा वेग त्याच चाकाकडे जाईल आणि चढावर गाडी पुन्हा थांबेल. आपल्या गाडीचे काम मुख्यतः फळी चढण्याचे असल्याने मी मधले डिफरन्शियल घालणार नाही. त्याऐवजी पुढची चाके जितकी वळतात त्यापेक्षा थोडी कमी वळतील असा अडसर स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना लावीन.

हे करण्याआधी तीच गाडी गुळगुळीत फरशीवर वळवून पाहा. तिथे टायर सहज घसरतात, त्यामुळे अडखळणे कमी झाले तर कारण हेच आहे. तिथेही तितकेच अडखळत असेल, तर पुढच्या हबमधला दांडा वळताना कुठे घासतो आहे, ते आधी शोधावे लागेल.